दलालीचा परतावा, बिल्डरची सूट आणि विश्रामबागेतील कर सल्लागार

सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका सनदी लेखापालाच्या (सीए) कार्यालयाची सेवा मी जानेवारी ते सप्टेंबर २०२५ या काळात घेतली. गावभागातील जुनी सदनिका विकताना आणि त्याआधी विश्रामबागेत नवी घेताना एजंटाकडून व बिल्डरकडून जे परतावे आणि ज्या सवलती मला मिळाल्या, त्या आयकराच्या हिशेबात कोठे धरायच्या, एवढेच माझे काम होते. सनदी लेखापालांनी जाहिरात करून काम मिळवू नये असे बंधन १९४९ च्या कायद्याने त्यांच्यावर घातलेले आहे आणि त्यांनी स्वतःही नाव छापू नका असे सांगितले, म्हणून या परीक्षणात कार्यालयाचे नाव नाही. ते नसल्यामुळे परीक्षणाचा उपयोग कमी होतो हे मला मान्य आहे. परंतु चांगला कर सल्लागार अशा व्यवहारात काय पाहतो, काय विचारतो आणि कोठे कमी पडतो, हे नावाशिवायही सांगता येते.

मी पोस्ट खात्यातून निवृत्त झालेला आहे आणि पेन्शनखेरीज मला दुसरे मोठे उत्पन्न नाही. गावभागातील तळमजल्यावरची सदनिका मी २०१२ च्या जुलैत घेतली, तेव्हा मुद्रांक शुल्क व नोंदणीसह एकूण २०,००,००० रुपये खर्च आला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा आमच्या खिडक्यांपर्यंत पाणी होते, आणि २०२१ च्या जुलैत ते पुन्हा घरात आले. त्यानंतर मुलांनी आग्रह धरल्यामुळे २०२३ मध्ये विश्रामबागेत तयार सदनिका घेतली. जुने घर मात्र लवकर विकले गेले नाही, कारण पायरीवर उभे राहून गिऱ्हाईक पहिला प्रश्न पुराचाच विचारत असे. शेवटी २०२५ च्या जानेवारीत ४२,००,००० रुपयांना इसार (काही रक्कम आगाऊ घेऊन विक्रीचा करार) झाला आणि फेब्रुवारीत खरेदीखत नोंदवले गेले.

या तारखांना करात महत्त्व आहे. राहते घर विकून दुसरे घेतले तर आयकर कायद्याच्या कलम ५४ खाली भांडवली नफ्यावर, म्हणजे घराच्या विक्रीतून झालेल्या नफ्यावर, सूट मिळते, परंतु नवे घर विक्रीच्या आधी एक वर्षाच्या आत किंवा विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत घेतलेले असावे लागते. माझी खरेदी विक्रीच्या सुमारे १५ महिने आधीची निघाली. पहिल्या भेटीतच सीएंनी दोन्ही दस्तांचे इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) शेजारीशेजारी ठेवले, बोटांवर महिने मोजले आणि ही सूट तुम्हाला मिळणार नाही असे स्पष्ट सांगितले. त्याआधी दोन परिचितांनी घर घेतले आहे म्हणजे करमाफी आहे असे मला ठासून सांगितले होते. कर वाचवण्याचा दुसरा मार्ग म्हणून रोख्यांत पाच वर्षे पैसे अडकवण्याची माझी तयारी नव्हती. त्यामुळे नफ्यावर कर भरायचा हे ठरले, आणि तो भरायचा म्हटल्यावर प्रत्येक परताव्याला किंमत आली. ज्यांचा सारा नफा कलम ५४ मध्ये बसतो त्यांना एजंटाने दिलेल्या चाळीसपन्नास हजारांनी करात फरक पडत नाही. मला पडत होता.

इसार झाल्यानंतर खरेदीदाराने भिंतींची ओल दाखवून ५०,००० रुपये कमी करा अशी मागणी केली, आणि खरे तर याच कारणासाठी मी प्रथम त्या कार्यालयाचा जिना चढलो. मागणी मला रास्त वाटत होती. आमच्या एजंटाचे मत असे होते की खरेदीखतात किंमत ४१,५०,००० लिहावी आणि विषय संपवावा, म्हणजे सरकारलाही दोघांनी कमीच द्यायचे. सीएंनी दोन ओळींचा हिशेब मांडला. त्या सदनिकेचे रेडीरेकनरप्रमाणे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या दरांप्रमाणे, मूल्य ४६,००,००० निघत होते. कलम ५०सी सांगते की मुद्रांक शुल्कासाठी धरलेले मूल्य प्रत्यक्ष किमतीच्या ११० टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर विकणाऱ्याला ते मूल्यच मिळाले असे समजून कर आकारावा. ४२,००,००० चे ११० टक्के म्हणजे ४६,२०,०००. मूल्य त्याच्या २०,००० रुपये आत होते. किंमत ४१,५०,००० केली असती तर मर्यादा ४५,६५,००० वर आली असती, मूल्य तिच्या बाहेर गेले असते आणि माझ्या हाती साडेएकेचाळीस लाख येऊनही कर शेहेचाळीस लाखांवर लागला असता.

त्यांनी आकडेही काढून दाखवले. २०१२–१३ चा महागाई निर्देशांक २०० आणि २०२४–२५ चा ३६३, म्हणून माझी २०,००,००० ची खरेदी किंमत महागाई धरून, म्हणजे निर्देशांकाने, ३६,३०,००० मानली जाते. दलाली तीच धरली तर ४२ लाखांऐवजी ४६ लाख हे विक्रीमूल्य मानल्याने नफा ४,००,००० ने वाढतो, त्यावर २० टक्क्यांनी ८०,००० आणि ४ टक्के उपकर मिळून ८३,२०० रुपये जास्त कर होतो. म्हणजे पन्नास हजारांची सूट देऊन वर त्र्याऐंशी हजारांचा कर भरायचा.

खरेदीदाराचीही यातून सुटका नव्हती, आणि ही गोष्ट एजंटाला ठाऊक नसावी असे मला वाटते. कलम ५६(२)(एक्स) खाली मुद्रांक मूल्य आणि किंमत यांतला फरक ५०,००० रुपये किंवा किमतीच्या १० टक्के, यांपैकी जे अधिक त्याहून जास्त असेल, तर तो सगळा फरक घेणाऱ्याचे इतर उत्पन्न ठरतो. ४६,००,००० मधून ४१,५०,००० वजा केल्यास ४,५०,००० उरतात. १० टक्के म्हणजे ४,१५,०००. खरेदीदार २० टक्क्यांच्या टप्प्यात असता तरी त्याच्यावर ९०,००० रुपये आणि उपकर बसला असता. शिवाय मुद्रांक शुल्क त्याला तसेही ४६ लाखांवरच भरायचे होते, त्यामुळे किंमत उतरवून तेथेही काही वाचणार नव्हते. मी हा कागद खरेदीदाराला दाखवला. शाळेत गणित शिकवणारे गृहस्थ असल्यामुळे त्यांना तो दोन मिनिटांत कळला आणि त्यांनी मागणीचे रूप बदलले.

किंमत ४२ लाखच ठेवून ५०,००० रुपये दस्ताबाहेर रोख परत द्यावेत, ही पुढची सूचनाही एजंटाचीच होती. सीएंनी ती ऐकूनही घेतली नाही. दस्तात एक किंमत आणि हातात दुसरी, हा खोटा दस्त होतो, एवढे त्यांचे उत्तर होते. शेवटी मी स्वतःच्या खर्चाने ओल काढून, गिलावा आणि रंग करून घर ताब्यात दिले. त्याला ३८,००० रुपये लागले. हा खर्च नफ्यातून वजा करता येईल का असे विचारले असता त्यांनी नाही म्हटले, कारण कायद्यात सुधारणेचा खर्च वजा होतो, आणि पडलेला गिलावा पुन्हा चढवणे ही दुरुस्ती असते. मला ते मत थोडे कडक वाटले, परंतु त्यांनी ते लेखी दिले, याचे मला मोल आहे. तोंडी सल्ला देणारे सांगलीत प्रत्येक चौकात भेटतात.

मूल्याबाबत आणखी एक मार्ग असल्याचेही त्यांनी सांगितले. रेडीरेकनरचे मूल्य बाजारभावापेक्षा जास्त आहे असा दावा विक्रेत्याने आयकर अधिकाऱ्यापुढे केला, तर अधिकारी ते प्रकरण मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवू शकतो आणि कमी मूल्य ठरले तर तेच धरले जाते. आमच्या दस्ताच्या मूल्यांकनात दोन पुरांचा विचार झालेला कोठे दिसला नाही, त्यामुळे दावा करण्यासारखा होता. परंतु मर्यादेच्या आत राहणे शक्य असताना हा लांबचा रस्ता धरू नये, असा त्यांचा सल्ला होता आणि तो मी मानला. इसाराची रक्कम चेकने घेतल्याबद्दल मात्र त्यांनी मला शाबासकी दिली. १ एप्रिल २०२५ पासून राज्यात रेडीरेकनरचे दर वाढले. खरेदीखत त्यापुढे ढकलले गेले असते तर वीस हजारांचे ते अंतर सहज बुजले असते. इसाराच्या करारात किंमत ठरलेली आणि काही रक्कम तेव्हाच बँकेमार्फत आलेली असेल, तर कराराच्या दिवशीचे मूल्य धरता येते. रोख इसार दिला असता तर ही सोय गेली असती. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो, हे वेगळेच.

आता दलालीविषयी. एजंटाने दोन टक्क्यांप्रमाणे ८४,००० रुपयांचे बिल दिले आणि मी ते चेकने भागवले. खरेदीदार मूळ माझ्याच ओळखीतून आला होता, त्यामुळे निम्मी दलाली परत द्यावी असे आधीच ठरले होते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तो ४२,००० रुपये पाकिटात घालून, सोबत भडंगाची पुडी घेऊन घरी आला. मी पाकीट घेतले नाही, कारण तोपर्यंत मला विश्रामबागेची हवा लागली होती. भडंग घेतले.

या ४२,००० रुपयांचे काय करायचे यावर कार्यालयातच दोन मते निघाली, आणि सेवेचे बरेवाईट मला येथे सर्वांत स्पष्ट दिसले. माझी फाईल पाहणारा, आर्टिकलशिप (सीएंच्या हाताखालची उमेदवारी) करणारा मुलगा हुशार आणि नम्र होता. तो म्हणाला, ‘काका, ८४,००० पूर्ण खर्चात धरू. परत आलेले ४२,००० ही भेट समजता येईल, आणि वर्षभरात पन्नास हजारांपर्यंतची भेट करमुक्त असते.’ ऐकायला ते फारच गोड वाटले. सीएंनी ते वाचून त्याला माझ्यासमोरच विचारले, ‘एजंट काकांना भेट का देईल? त्यांच्या घरी लग्न होते का?’ मग त्यांनी जे समजावून सांगितले ते माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म आहे. कलम ४८ प्रमाणे विक्रीच्या किमतीतून वजा होतो तो हस्तांतरणासाठी पूर्णपणे आणि केवळ त्याच कारणासाठी केलेला खर्च. दलालीचा माझा खरा खर्च ४२,००० आहे. उरलेले पैसे माझ्या खात्यातून गेले आणि तेथेच परत आले. परतावा हे नवे उत्पन्न नाही, म्हणून तो इतर उत्पन्नात दाखवायचा नाही. आणि तो खर्चही नाही, म्हणून वजा करायचा नाही. तो फक्त दलालीचा आकडा खाली आणतो.

या फरकाचा माझ्यापुरता आकडा लहान आहे. ८४,००० वजा केले असते तर करपात्र नफा ४,८६,००० झाला असता. ४२,००० वजा केल्याने तो ५,२८,००० झाला, आणि कर उपकरासह ८,७३६ रुपयांनी वाढला. परंतु खोटा खर्च दाखवल्याचे नंतर उघड झाले असते तर ते चुकीची माहिती देणे ठरले असते, आणि त्यासाठी कलम २७०ए मध्ये लपवलेल्या कराच्या २०० टक्के दंड आहे. पावणेनऊ हजार वाचवण्यासाठी साडेसतरा हजारांचा दंड आणि वर मूळ कर हा सौदा पेन्शनरासाठी नाही.

मग सीएंनी एजंटाला फोन करून सुधारित बिल मागितले. एजंट प्रथम रागावला. जुने बिल फिरवणे म्हणजे काहीतरी भानगड, असा त्याचा समज होता. सीएंनी त्याला विचारले की तुमच्या वहीत उत्पन्न ८४,००० लिहिणार की ४२,०००. बिल तसेच ठेवून रोख परतावा दिला तर न मिळालेल्या ४२,००० वर कर त्यालाच भरावा लागणार, हे लक्षात येताच त्याचा सूर बदलला आणि चार दिवसांत ४२,००० चे सुधारित बिल व बँकेतून परतावा, दोन्ही आले. दुसऱ्याच्या एजंटाला शांतपणे त्याच्याच फायद्याची गोष्ट समजावून काम करून घेणे, ही त्या कार्यालयाची मला सर्वांत आवडलेली बाब. दलालीवर टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) मी कापायला हवा होता का, हीही शंका त्यांनी न विचारताच दूर केली: धंद्याचे लेखापरीक्षण लागू नसलेल्या साध्या व्यक्तीला तो कापावा लागत नाही. किंमत आणि मुद्रांक मूल्य दोन्ही ५० लाखांच्या आत असल्याने खरेदीदारालाही एक टक्का कापावा लागला नाही.

नव्या सदनिकेच्या बाबतीत काम सोपे होते आणि तेथे त्यांनी वेळ घालवला नाही. बिल्डरने २०२३ च्या दसऱ्याला ३६,००,००० ची सदनिका ३४,७५,००० ला दिली आणि करारात तीच किंमत लिहिली. तेव्हा माझी खरेदी किंमत तीच, वर मुद्रांक शुल्क आणि ३०,००० रुपये नोंदणी शुल्क. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली सदनिका असल्याने जीएसटीचा प्रश्न नव्हता. बांधकाम चालू असते तर करारातील सुटीमुळे जीएसटीही त्या प्रमाणात कमी लागला असता. पाच ग्रॅमचे सोन्याचे नाणे दसऱ्याची भेट म्हणून मिळाले होते, त्याचे मूल्य पन्नास हजारांच्या बरेच आत असल्याने ते बाजूला ठेवले. ‘मोफत’ मॉड्युलर किचन करारातच लिहिलेले होते, म्हणजे त्याचे पैसे मी पावणेपस्तीस लाखांतच दिलेले आहेत, असे ते हसून म्हणाले.

घोळ होता तो दुसऱ्या एका एजंटाने बिल्डरकडून मिळालेल्या आपल्या कमिशनमधून मला पाठवलेल्या ३०,००० रुपयांचा. हे पैसे मी दिलेल्या दलालीतले नव्हते. मी त्याला एक पैसाही दिला नव्हता. दोन वर्षांपूर्वीची ती गोष्ट मी विसरूनही गेलो होतो, परंतु सीएंनी पासबुक चाळताना ती नोंद पकडली. त्यांचे मत असे की बुकिंगशी जोडलेली ही रक्कम म्हणजे घराच्या किमतीतील घट आहे आणि स्वतःच्या राहण्यासाठी घेतलेल्या घराच्या बाबतीत ती त्याच दृष्टीने पाहावी. मात्र तसे लिहिलेला कागद एजंटाकडून घ्यावा. कागद नसेल तर तिसऱ्या माणसाकडून कारणाशिवाय आलेले पैसे असे तिचे रूप दिसते, आणि नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या अशा रकमांची बेरीज ५०,००० च्या वर गेली तर वरची रक्कमच नव्हे, सगळीच करपात्र होते. कागद मिळाला. आता नव्या सदनिकेच्या खरेदी किमतीतून ३०,००० वजा करून ठेवले आहेत, त्यामुळे पुढे कधी मुलांनी ती विकली तर त्यांचा नफा तेवढ्याने वाढेल, १२.५ टक्क्यांच्या दराने तो कर ३,७५० रुपये आणि वर उपकर होतो. माझ्या मिरजेतील धाकट्या भावाने २०२० च्या डिसेंबरमध्ये घर घेतले, तेव्हा राज्याने मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केले होते. त्याची गोष्टही याच जातीची आहे. जे भरलेच नाही ते खरेदी किमतीत धरता येत नाही.

माझी भाची अमेरिकेत टेक्सासमध्ये राहते. तिने घर घेतले तेव्हा तिच्या एजंटाने आपल्या कमिशनचा काही भाग तिला व्यवहाराच्या कागदांवरच वळता केला होता. तेथे ही पद्धत बरीच रूढ आहे, तरी काही राज्यांत ती कायद्याने बंद आहे. मी उत्सुकतेने तिला विचारले तेव्हा कळले की तेथील आयकर खाते खरेदीदाराला मिळालेला असा परतावा साधारणपणे उत्पन्न न मानता घराच्या किमतीतील घट मानते. २००७ मध्ये एका करदात्याला दिलेल्या खासगी उत्तरात या खात्याने (आयआरएसने) तसे म्हटले होते, जरी असे उत्तर विचारणाऱ्यापुरतेच बंधनकारक असते. आपल्या सीएंनी कलमे वेगळी वापरून जे सांगितले ते याच्याशी जुळले, याचे मला समाधान वाटले. फरक असा की तेथे पाचपैकी दोन वर्षे त्या घरात राहून ते विकणाऱ्या एकट्या माणसाला अडीच लाख डॉलरपर्यंत आणि एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या दांपत्याला पाच लाख डॉलरपर्यंतचा नफा वगळता येतो, त्यामुळे खरेदीच्या वेळी किंमत काही हजारांनी घटली म्हणून बहुतेकांना विकताना कर वाढत नाही. आपल्याकडे तारीख चुकली की प्रत्येक हजाराचा हिशेब लागतो.

विवरणपत्र भरताना त्यांनी दोन्ही पद्धतींनी कर काढला. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर दर १२.५ टक्के आहे, पण निर्देशांक नाही. मात्र त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमिनी आणि इमारतींसाठी निवासी व्यक्तींना जुन्या पद्धतीच्या, म्हणजे निर्देशांकासह २० टक्क्यांच्या करापेक्षा जास्त भरावे लागत नाही. पहिल्या पद्धतीने माझा नफा २१,५८,००० आणि कर उपकरासह २,८०,५४० येत होता. दुसऱ्या पद्धतीने १,०९,८२४. मी अर्थातच दुसरा भरला. ज्येष्ठ नागरिक असल्याने आणि धंद्याचे उत्पन्न नसल्याने आगाऊ कर न भरल्याचे व्याज लागले नाही. शेजारच्या एका गृहस्थांनी ‘सात लाखांपर्यंत रिबेट आहे ना?’ असे विचारले होते. तो कलम ८७ए चा रिबेट, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना करात मिळणारी सूट. नफ्यामुळे माझे एकूण उत्पन्न सात लाखांच्या कितीतरी वर गेल्याने तो मला लागू नव्हता. करातील ही सूट आणि एजंटाचा परतावा अशा दोन वेगळ्या गोष्टींना ‘रिबेट’ हा एकच शब्द वापरला जातो, त्यामुळे बरेच गैरसमज होतात असे त्या कार्यालयातही मला ऐकायला मिळाले.

आता उणिवा. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला एवढ्या काळात नऊ वेळा तो जिना चढावा लागला, त्यांतल्या निदान तीन वेळा तरी काम फोनवर झाले असते. जुलै ते सप्टेंबर या काळात दिलेली वेळ पाळली गेली नाही. एकदा अकराची वेळ घेऊन मी पाऊण वाजता आत गेलो. फी सुरुवातीला तोंडी ४,००० सांगितली आणि शेवटी ७,५०० झाली, जीएसटीसह ८,८५०. दोन दस्तांवरील लेखी मत आणि एजंटांशी झालेला पत्रव्यवहार पाहता ती जास्त नाही, परंतु वाढ होणार हे मध्येच एकदा सांगायला हवे होते. इतरांना प्रत्येक आकड्याचा कागद मागणाऱ्या कार्यालयाने स्वतःच्या फीचा अंदाज लेखी न देणे मला खटकले, आणि मी तसे त्यांना बोललोही. लेखी मत प्रथम इंग्रजीत आले; मराठीत मागितल्यावर आठ दिवसांनी दोन पानी स्वच्छ मराठीत मिळाले, आणि ते इंग्रजीपेक्षा जास्त नेमके होते. कराच्या हिशेबाचा तपशील ईमेलवर येण्यासाठी मला तीनदा आठवण करावी लागली.

आर्टिकलशिपवाल्या मुलाचे पहिले मत चुकीचे होते, याची मी उणिवांत गणना करत नाही, कारण ते वरिष्ठाच्या नजरेखालून गेल्याशिवाय माझ्या विवरणपत्रात आले नाही. घाईच्या मोसमात हे प्रत्येक ठिकाणी होतेच असे नाही. मी पाचपैकी चार गुण देतो. पाचवा जिना आणि फीच्या कागदासाठी राखून ठेवला आहे.

ज्यांना अशा कार्यालयात जायचे आहे त्यांनी दोन्ही दस्तांचे इंडेक्स टू, इसाराचा करार, एजंटाची सर्व बिले, व्यवहाराच्या आधीचे आणि नंतरचे सहा महिन्यांचे पासबुक आणि बिल्डरचे माहितीपत्रक सोबत न्यावे. माहितीपत्रक मी फेकून दिले होते आणि दसऱ्याची योजना सिद्ध करण्यासाठी ते बिल्डरच्या कार्यालयातून पुन्हा मागवावे लागले. १ एप्रिल २०२६ पासूनच्या व्यवहारांना आयकर अधिनियम, २०२५ लागू असल्याने त्यांच्यासाठी वर दिलेले कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. माझा व्यवहार १९६१ च्या कायद्याखालचा आहे. शक्य असेल तर इसारापूर्वी जावे. मी इसारानंतर गेलो. तोपर्यंत ४२ लाखांचा आकडा कागदावर आलेला होता, आणि रेडीरेकनरच्या मर्यादेशी त्याचे वीस हजारांचे अंतर राहिले हे माझे नशीब. त्यात माझे शहाणपण काही नव्हते.